छिद्र दिसले, तर सांगावे कोणाला?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सायंकाळची तपासणी आटोपत आली होती आणि एका बालिकेच्या रक्ताचा अहवाल पाहावयाचा राहिला होता. प्रयोगशाळेने तो कागदावर न पाठवता तिच्या आईच्या मोबाइलवर दुवा पाठवला होता. तो दुवा माझ्या टेबलावरील संगणकावर टंकताना शेवटच्या आकड्यांत माझी चूक झाली आणि पडद्यावर अहवाल उघडला तो भलत्याच मुलाचा. नाव, वय, वडिलांचा फोन क्रमांक आणि त्याखाली एचआयव्ही चाचणीचा निष्कर्ष. संकेतशब्द विचारला गेला नव्हता, ओळख विचारली गेली नव्हती. आडनाव माझ्या परिचयाचे होते. मी ते पान तत्काळ बंद केले. परंतु वाचलेले मनातून पुसता येत नाही. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.)

चूक माझ्या हाताची की यंत्रणेची, याची खात्री करण्यासाठी मी माझ्याच दोन रुग्णांचे क्रमांक टंकून पाहिले. दोन्ही अहवाल तसेच उघडले. म्हणजे तेथे तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येकाची कुंडली रस्त्यावर मांडलेली होती. आकडा बदलण्याइतकी अक्कल असलेला कोणीही ती वाचू शकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेला फोन केला. 'तंत्रज्ञांना सांगतो, सर,' असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी पाहिले, तर दार तसेच सताड उघडे.

मी दोघा स्नेह्यांचा सल्ला घेतला. एक डॉक्टर मित्र म्हणाला, 'अरे, पुढच्या सभेत पडद्यावर सर्वांसमोर उघडून दाखव. दोन दिवसांत ताळ्यावर येतील.' वकील मित्र म्हणाला, 'अजिबात बोलू नकोस. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहिती पाहिलीस, हेच उद्या तुझ्या अंगाशी येईल.' पहिल्याचे ऐकावे, तर ज्या मुलांचे रक्षण करावयाचे त्यांचीच गुपिते उघडण्याची युक्ती मी सभागृहभर वाटणार होतो. दुसऱ्याचे ऐकावे, तर ते दार उघडेच राहणार होते.

या कोंडीत सापडल्यावर मी वाचू लागलो, तेव्हा कळले की संगणकशास्त्रज्ञांमध्ये नेमका हाच वाद कित्येक दशके चालू आहे. आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आता आपल्या रुग्णांची माहितीच नव्हे, तर त्यांच्या शिरेत जाणारे औषधही संगणकाच्या आज्ञेने चालते.

छिद्र, हत्यार आणि ठिगळ

या वादातील तीन संज्ञा प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. संगणकाची आज्ञावली लक्षावधी ओळींची असते आणि ती माणसे लिहितात. साहजिकच तीत चुका राहतात. ज्या चुकीतून परक्याला आत शिरता येते, ते 'छिद्र'. त्या छिद्रातून प्रत्यक्ष शिरण्यासाठी तयार केलेली कृती किंवा छोटी आज्ञावली, हे 'हत्यार'. तज्ज्ञ त्याला एक्सप्लॉइट म्हणतात. आणि ते बुजवण्यासाठी निर्माता जी दुरुस्ती पाठवतो ते 'ठिगळ', म्हणजे पॅच. आपल्या भाषेत बोलायचे, तर शरीराची संवेद्यता, रोगजंतू आणि लस. छिद्र आहे एवढे सांगणे आणि हत्यार लोकांच्या हाती देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. वादाचा पुष्कळसा धुरळा या दोहोंची गल्लत केल्याने उडतो.

छिद्र सापडल्यावर काय करावे, याविषयी तीन मते आहेत. पहिले मत मौनाचे: झाकली मूठ सव्वा लाखाची, बोभाटा केला तर चोरांना आयती वाट मिळेल. दुसरे मत संपूर्ण प्रकटीकरणाचे: छिद्र आणि हत्यार दोन्ही जगजाहीर करा. हे मत आततायी वाटले, तरी ते अनुभवातून जन्मले. खाजगीत कळवलेल्या चुकांकडे अनेक कंपन्यांनी महिनोन्‌महिने दुर्लक्ष केले आणि कधी कळवणाऱ्यालाच कायद्याचा धाक घातला. तिसरे मत मुदतीचे: प्रथम निर्मात्याला एकांतात सांगा, दुरुस्तीला ठरावीक अवधी द्या आणि तो सरल्यावर जनतेला सांगा. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८८ साली स्थापन झालेल्या सर्ट या केंद्राने २००० साली ४५ दिवसांची मुदत ठरवली. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या २०१४ साली सुरू झालेल्या गटाने ती ९० दिवसांची केली आणि २०२१ पासून, दुरुस्ती वेळेत झाल्यास, ती लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी आणखी ३० दिवस थांबण्याचे धोरण स्वीकारले.

हा वाद संगणकाहूनही जुना आहे. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने चब कंपनीचे अभेद्य मानले गेलेले कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. पुढे, जे उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस कित्येक वर्षे जाहीर होते, ते ब्रामाचे कुलूपही त्याने सोळा दिवसांच्या अवधीत एकंदर पन्नासहून अधिक तास खपून उघडले. कुलपांची वर्मे उघड केल्याने चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. त्यावर चार्ल्स टॉमलिन्सन यांनी १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलुपांवरील ग्रंथात उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा की, चोर आपल्या धंद्यात निष्णातच असतात. कुलपाचे वर्म ठाऊक नसते ते बिचाऱ्या घरमालकाला.

मुंबईतील एक प्रकरण

आपल्याकडे या वादाचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईशी निगडित आहे. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गाँगग्रेप यांनी एप्रिल २०१० मध्ये भारतीय मतदानयंत्राच्या सुरक्षेविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्राचा आकडे दाखवणारा भाग बदलून त्याजागी हुबेहूब दिसणारा बनावट भाग बसवता येतो. आणि एक चिमुकले उपकरण स्मृतिपट्टीवर अडकवून साठवलेली मते बदलता येतात, असे त्यांनी एका खऱ्या यंत्रावर करून दाखवले. कोणत्याही प्रत्यक्ष निवडणुकीत असे घडल्याचा दावा त्यांनी केला नव्हता. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की, यंत्रे मोहोरबंद व पहाऱ्यात असतात. ती उघडून हाताळण्याची संधीच कोणाला मिळत नाही.

प्रश्न निघाला तो अभ्यासासाठी वापरलेल्या यंत्राचा. ते मुंबईत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातील साठ्यामधून गेलेले होते. ते कोणी आणून दिले, हे सांगण्यास हरी प्रसाद यांनी नकार दिला. २१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई पोलिसांनी त्यांना हैदराबादेतील राहत्या घरून अटक केली; आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने त्यांना आपला पायोनियर पुरस्कार दिला. एकाच कृत्याबद्दल एकीकडे कोठडी आणि दुसरीकडे सन्मान!

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. सरकारी मालमत्ता गेली, तर पोलिसांनी तपास करणे क्रमप्राप्त होते. पण यंत्र अभ्यासासाठी उघडपणे मिळण्याची सोय असती, तर ते आडवाटेने मिळवण्याची वेळ आली असती का? पुढील घटनाक्रम बोलका आहे. मतदाराला आपले मत कागदावर दिसावे, या व्हीव्हीपॅट यंत्रणेच्या चाचण्या २०११ साली झाल्या. तिचा पहिला वापर सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत झाला. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी ही चिठ्ठी निर्दोष निवडणुकीसाठी अनिवार्य ठरवली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व मतदानकेंद्रांवर आली. याचे श्रेय एकट्या शोधनिबंधाला देता येणार नाही. राजकीय पक्षांच्या मागण्या आणि न्यायालयीन लढेही त्यामागे होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली आणि यंत्रांवर विश्वास व्यक्त केला. त्याचबरोबर दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ठरावीक टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभाही दिली. विश्वास आणि तपासणी एकमेकांचे वैरी नाहीत, हाच या वाटचालीचा बोध.

दुसरी बाजू

तरीही 'सर्व काही उघडे करा' असे म्हणणाऱ्यांनी २०१७ साल विसरू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला विंडोज प्रणालीतील एक छिद्र कित्येक वर्षे ठाऊक होते आणि स्वतःच्या हेरगिरीसाठी तिने ते निर्मात्यापासून लपवून ठेवले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ दिले. महिन्याने, १४ एप्रिलला, शॅडो ब्रोकर्स नावाच्या अज्ञात टोळीने त्या संस्थेचे तयार हत्यारच जगासमोर टाकले. १२ मे रोजी त्याच हत्याराच्या बळावर 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालयसंस्थांना त्याची झळ लागली. रद्द झालेल्या भेटी व शस्त्रक्रियांची संख्या एकोणीस हजारांहून अधिक असावी, असा तेथील लेखापरीक्षकांचा अंदाज होता. २७ जून रोजी तेच हत्यार वापरणारा 'नॉटपेट्या' आला आणि मर्स्क समूहाने चालवलेल्या, न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. कोणा परदेशी गुप्तहेराने कुलूपबंद ठेवलेले रहस्य उरणच्या किनाऱ्यावर ट्रकांच्या रांगा लावू शकते, हे तेव्हा आपण पाहिले.

या एका घटनेत तिन्ही दोष एकवटले आहेत. ज्यांनी लपवले, त्यांनी कोट्यवधी लोकांना वर्षानुवर्षे असुरक्षित ठेवले. ज्यांनी हत्यार फेकले, त्यांनी परिणामांची पर्वा केली नाही. आणि ठिगळ उपलब्ध होऊनही ज्यांनी दोन-दोन महिने लावले नाही, त्यांत आपल्यासारखी रुग्णालये होती. लस शीतपेटीत पडून राहिली, तर ती साथ थांबवत नाही.

रुग्णाच्या उशाशी

आता आपल्या प्रांगणात येऊ. अमेरिकेतील सुरक्षातज्ज्ञ बिली रिओस यांना हॉस्पिरा कंपनीच्या शिरेतून औषध देणाऱ्या पंपांत अशी छिद्रे आढळली की, रुग्णालयाच्या जाळ्यात शिरलेला माणूस औषधाच्या मात्रेशी खेळू शकेल. त्यांनी २०१४ साली सरकारी यंत्रणेमार्फत ती कळवली. दुरुस्ती लांबत गेली. २०१५ च्या वसंतात दुसऱ्या एका संशोधकाने स्वतंत्रपणे तीच छिद्रे शोधून जाहीर केली. मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका पंपाविषयी सावधगिरीची सूचना काढली आणि ३१ जुलै २०१५ रोजी 'सिंबिक' या पंपाचा वापर थांबवावा, असा स्पष्ट सल्ला रुग्णालयांना दिला. संगणकीय असुरक्षिततेच्या कारणाने एखादे उपकरण बाजूस ठेवण्याचा असा सल्ला त्या प्रशासनाने प्रथमच दिला होता. त्या पंपाने कोणा रुग्णाला इजा झाल्याचे आढळले नव्हते. नवजात अर्भकाच्या शिरेत तासाला एक-दोन मिलिलिटर द्रव सोडणाऱ्या पंपावर ज्याने रात्री जागवल्या आहेत, त्याला 'इजा होईपर्यंत वाट पाहा' असे कोण सांगू शकेल?

दुसरे उदाहरण अधिक अवघड. ऑगस्ट २०१६ मध्ये मेडसेक या संस्थेने सेंट ज्यूड कंपनीच्या पेसमेकरमधील छिद्रे कंपनीला न कळवता एका गुंतवणूकदार संस्थेला सांगितली. समभाग कोसळल्यास नफा व्हावा अशी तजवीज करून त्यांनी ती जाहीर केली. हेतू उघडच धनलाभाचा. कंपनीने बदनामीचा दावा लावला. परंतु जानेवारी २०१७ मध्ये घरी ठेवण्याच्या संदेशवाहक उपकरणातील दोष प्रशासनाने मान्य केला आणि ऑगस्टमध्ये सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी दुरुस्ती मंजूर झाली. सांगणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला, तरी सांगितलेले खरे असू शकते. निदान करताना आपण तक्रार करणाऱ्याचा स्वभाव पाहत नाही, लक्षण पाहतो; तोच न्याय येथेही लावावा लागतो.

सुरतेची आठवण

हे वाचताना मला वारंवार सप्टेंबर १९९४ आठवत होता. प्लेगच्या त्या दिवसांत मी निवासी डॉक्टर होतो. देशभरातील मृत्यूंची संख्या साठाच्या आत राहिली. पण काही लाख माणसे सुरत सोडून गेली. गाड्यांच्या टपांवरून माणसे गेली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन अदृश्य झाले आणि आपल्या व्यवसायातील काही जणही दवाखान्यांना कुलपे लावून निघून गेले. मी तेव्हा एक गोष्ट शिकलो. माणसे केवळ वाईट बातमीने पळत नाहीत; अर्धवट बातमीने पळतात. गोळी कोणती, कोणी किती दिवस घ्यावयाची, ताप आल्यास कोठे जावयाचे, हे वस्त्यावस्त्यांतून सांगितले जाऊ लागले, तशी भीती ओसरू लागली. धोक्याच्या वार्तेबरोबर उपायाचीही वार्ता हवी आणि ती अफवेच्या आधी पोहोचली पाहिजे. संगणकाच्या छिद्रांविषयीचा मुदतीचा मार्ग मला याच कारणाने पटतो. त्यात मौन आहे, पण ते उपाय तयार होण्यापुरते. आणि त्या मौनाला शेवटची तारीख आहे.

मी काय केले

तिसऱ्या आठवड्यात मी प्रयोगशाळेच्या मालकांना नोंदणीकृत पत्र पाठवले. काय दिसले, कसे दिसले आणि कोणाचे अहवाल तपासले, ते लिहिले. आजपासून तीस दिवसांनी, ही सेवा सुरक्षित नाही एवढेच शहरातील डॉक्टरांना कळवीन, उघडण्याची युक्ती कोणालाही सांगणार नाही, असे स्पष्ट केले. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेकडेही प्रत पाठवली. २००४ पासून कार्यरत असलेली ही संस्था अशा सूचना स्वीकारते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. वकील मित्राच्या भीतीत तथ्य होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३व्या कलमानुसार परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र ठरू शकतो आणि हेतू अप्रामाणिक असल्यास ६६व्या कलमान्वये कारावासही होऊ शकतो. म्हणूनच जे पाहिले त्याहून अधिक पाहावयाचे नाही, काही उतरवून ठेवावयाचे नाही आणि सर्व लेखी ठेवावयाचे, हे पथ्य मी पाळले.

अकराव्या दिवशी ते पान बंद झाले. पुढे मोबाइलवर येणारा परवलीचा अंक दिल्याशिवाय अहवाल उघडेनासा झाला. काम झाले, असे कोणीही म्हणेल. मी मात्र मालकांना विचारले, 'ज्यांचे अहवाल उघडे होते, त्यांना आपण कळवणार ना?' उत्तर आले, 'नुकसान झाल्याचा पुरावा नाही, डॉक्टरसाहेब. लोकांना उगीच घाबरवायचे कशाला?'

त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः बोलावून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'किती दिवस उघडे होते?' माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाकीच्या कुटुंबांना तर तो प्रश्न विचारण्याची संधीही मिळाली नाही. माझ्या वर्तनातील ही उणीव मला आजही बोचते. मी निर्मात्याला मुदत दिली, सरकारला कळवले, तंत्र गुप्त ठेवले. पण ज्यांचे गुपित होते त्यांचा विचार सर्वांत शेवटी केला. पत्रात दुरुस्तीबरोबरच त्यांना कळवण्याचीही अट मी घालावयास हवी होती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा हे कर्तव्य माहिती बाळगणाऱ्यावर टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे ठरले. कायद्याची वाट न पाहता आपल्या नीतिशास्त्राने ते आधीच सांगितले होते: रुग्णाविषयीची गोष्ट रुग्णाला कळली पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात आज संगणक आहे, म्हणजे उद्या आपणही त्या प्रयोगशाळेच्या मालकांच्या जागी असू शकतो. तेव्हा काही साध्या गोष्टी आजच कराव्यात. यंत्राबरोबर आलेला मूळ संकेतशब्द बदलावा. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवून घ्याव्यात. नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. पंप वा मॉनिटर विकत घेताना किमतीबरोबरच, 'यात दोष आढळला, तर तुम्ही आम्हाला किती दिवसांत कळवाल?' हेही विचारावे. आणि एखादा तरुण येऊन म्हणाला, 'सर, तुमच्या संगणकाचे दार उघडे आहे,' तर त्याच्यावर पोलीस घालण्यापूर्वी त्याला बसावयास खुर्ची द्यावी, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि दाराकडे पाहावे.